थेंब पळवणारी पाटी

लोक काशी-रामेश्वर करून येत्यात आन मंग त्याचं लिहित्यात. मी माह्या गावाहून निघालो आन शहागडपर्यंत जाऊन आलो, तेवढंच. जाफराबाद तालुक्यातला माणूस शहागडला गेला, त्यात काय लिहायचं, असं कुणी म्हणंल. म्हणू द्या. आमच्या गावातल्या कितीतरी लोकांनी गोदावरी पाह्यलेली न्हाई, त्यांच्यासाठी लिहून राह्यलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस हाये. अक्षर वाकडं हाये, पण माझं हाये. कुणाकडून लिहून घेतलं न्हाई.

कशापायी गेलो ते आधी सांगतो, न्हाईतर पुढलं कळायचं न्हाई.

माह्या पोराचं नाव गजानन. आम्ही गजू म्हणायचो. जालन्याला कॉलेजात शिकला आन तिथंच एका मॅडमच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागला. काम काय, तर पाण्याचा थेंब. थेंब कशावर चिकटतो, कशावरून पळतो, आन पळवायचा झाला तर एकाच दिशेला कसा पळवायचा. आळूच्या पानावरून पाणी पाऱ्यासारखं कसं घरंगळतं ते तुम्ही पाह्यलं असंल. गजूनं तसं पत्र्यावर केलं. लेकरांच्या पाटीएवढ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मशिनीनं रेघा मारायचा, डोळ्याला दिसायच्या न्हाईत इतक्या बारीक, आन त्या सगळ्या एका अंगाला कललेल्या. जवारीच्या पानावरून टोकाकडं बोट फिरवा, मऊ लागतं. उलटं फिरवा, कापतं. तसंच. वरून कसला तरी लेप द्यायचा. मंग त्यावर पाणी सोडलं की थेंब गोटीसारखा गोल व्हायचा आन कललेल्या अंगाला पळायचा. दुसऱ्या अंगाला ढकललं तरी जायचा न्हाई. मागं पाटी कोरडी ठणठणीत.

त्याचा इरादा असा होता, की थंडीत जे दव पडतं ते अशा पाट्यांवरून गोळा करून पन्हाळीत घ्यायचं. आमच्याकडं संक्रांत झाली की विहिरी तळाला लागत्यात. मी त्याला म्हणायचो, अरे, दवानं चिमणीची तहान भागंल. तो म्हणायचा, "चिमणीपासून सुरू करू ना, आबा."

अशा चार पाट्या त्यानं आपल्या हातानं केल्या. एक घरी आणली. एक राजूरच्या दोस्ताला दिली. एक कॉलेजात राह्यली. आन एक शहागडला बसवली, तिथं नदीमुळं दव जास्त म्हणून. मागच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. पाऊस पडायच्या आत पोरगं गेलं. त्याच्यावर जास्त लिहीत न्हाई.

गजू गेल्यावर त्याची माय रोज सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी तांब्यातलं दोन बोटं पाणी त्या पाटीवर सोडायची. पाटी ओट्याला टेकून ठेवलेली. थेंब पळाला की ती बघायची आन मंग कामाला लागायची. आम्ही दोघं त्याच्यावर कधी बोललो न्हाई. पण थेंब पळाला म्हणजे ती त्या दिवशी जेवणार, हे मला कळलं होतं.

मंग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात अवजारं पुजत्यात. नांगर, इळे, खुरपी, फवारणीचा पंप, सगळं धुऊन, तेलाचं बोट फिरवून, हळद-कुंकू लावून मांडायचं. गजूच्या मायनं अवजारांच्या रांगेत ती पाटी मांडली. पोराचं अवजार तेच. घासून धुतली, सगळ्यात जास्त तेल तिलाच लावलं, हळदीचा हात फिरवला, झेंडूचं फूल ठेवलं. मी बी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी सोडलं. पाणी पळालं न्हाई. पसरलं. जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं पडून राह्यलं. तिनं पाटी साबणानं धुतली, मंग राखेनं घासली. जितकं घासावं तितकं पाणी जास्त चिकटायला लागलं. मी म्हणलं, अजून तीन हायेत, एक तरी आणतो. ती म्हणली, "आणा न्हाईतर नका आणू. देवानं एकदा नेला, दुसऱ्यांदा म्या घालवला." त्या दिवसापासून ती तुळशीपाशी जाईना, वावरात येईना. भाकर थापायची, आपण अर्धी खायची आन भिंतीकडं तोंड करून पडायची.

दिवाळी झाली. कापूस वेचायला आल्ता. मी बायांना वेचणीला लावलं, बिघडलेली पाटी धोतराच्या पानात गुंडाळली आन निघालो.

राजूर

जाफराबादहून काळी-पिवळी मिळाली, भोकरदनला उतरून एष्टी धरली. कंडक्टरशी थोडं वाजलं. तो म्हातारा म्हणून अर्धं तिकीट फाडून राह्यला होता. मी म्हणलं, पुरं दे, मी अर्धा माणूस न्हाई. तो म्हणला, आबा, सरकारच देऊन राह्यलं तर घ्या ना, मला कामून अडवून राह्यले? मागची एक बाई म्हणली, म्हाताऱ्याला दोन सीट लागत असतील, पुरं देऊन टाका. सगळी गाडी हसली. मी पुरं तिकीट घेतलं.

ज्यांनी राजूर पाह्यलं न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. गाव शेतकऱ्यांचंच हाये, पण गणपतीमुळं बाजारासारखं वाटतं. चतुर्थी नसली तरी नारळ-पेढ्यांची दुकानं उघडी. आमच्या गावात पाहुणा आला तर कुठून आला ते आधी विचारत्यात. राजूरला कुणी विचारत न्हाई, नारळ घ्या म्हणत्यात.

गजूचा दोस्त दिगंबर तिथंच नारळाचं दुकान चालवतो. मला पाहून उठला, पाया पडला, गल्ल्यावर बायकोला बसवलं. त्यानं साबुदाण्याची खिचडी आणली. राजूरची खिचडी आमच्यापेक्षा तिखट हाये आन शेंगदाण्याचा कूट जाड ठेवत्यात. चांगली होती. पण माझं ध्यान पाटीवर. पाटी मला दुकानात शिरतानाच दिसल्ती. दुकानाच्या तोंडाशी टांगलेली, हार घातलेला, आन गुलालानं लाल.

दिगंबर मान खाली घालून सांगायला लागला. गजू गेल्यावर त्यानं आठवण म्हणून ती पुढं लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी सोडून दाखवायचा, माह्या दोस्ताची करामत म्हणून. पण देवाच्या गावात पाणी आपोआप एका अंगाला पळतं म्हणल्यावर लोक करामत कशाला म्हणतील. बाया डोकं टेकवायला लागल्या. कुणी गुलाल लावला, कुणी तूप लावलं. एकीनं आजारी लेकराचा हात त्यावर फिरवला. हा सांगायचा, अहो हे यंत्र हाये, देव न्हाई. त्या म्हणायच्या, यंत्र बी देवाचंच असतं. आता पाणी पळत न्हाई, पण लोक येतच राह्यलेत.

"आबा, मी काढून ठेवू का?" त्यानं विचारलं.

मी पाटीकडं पाह्यलं. तूप-गुलालाचा थर होता. माह्या पोराच्या हातच्या रेघा त्याच्याखाली कुठंतरी. मला राग आल्ता, खोटं कशाला सांगू. पण त्याच वेळी एक म्हातारी आली, पाटीला हात लावून छातीला लावला आन गेली. तिला गजू कोण ते माहीत न्हाई. मी म्हणलं, राहू दे. पाटी मेली ती मेली, लोकांचं कामून मोडायचं.

निघताना दिगंबरनं पेढे दिले, माय-बापासाठी म्हणून. मी घेतले. नारळ मात्र विकत घेतला. दिगंबरकडून फुकट घेऊन देवाला वाहणं मला पटत न्हाई.

जालना

जालन्याला मी पहिल्यापासून येतो, मोंढ्यात माल घालायला. पण कॉलेजात कधी पाय टाकला न्हवता. गजू दर वेळी म्हणायचा, या एकदा. मी म्हणायचो, पेरणी झाल्यावर. मंग कोळपणी. मंग वेचणी. शेतकऱ्याला रिकामा दिवस कुठं असतो.

फाटकावरच्या माणसानं विचारलं, कुणाला भेटायचं. मी मॅडमचं काम सांगितलं, नाव मला येत न्हवतं. म्हणलं, थेंबाच्या मॅडम. त्यानं बराबर नेऊन सोडलं.

मॅडम वयानं गजूपेक्षा थोड्याच मोठ्या. मला वाटलं होतं चष्मेवाल्या म्हाताऱ्या असतील. मी पाटी धोतरातून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ओळखली. मंग स्वतः खुर्ची पुसून दिली. मी उभाच राह्यलो. बसलो असतो तर मला वाटलं, लवकर उठणं व्हणार न्हाई.

काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी औषधात कापूस बुडवून पाटी पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. मंग नळीतून एक थेंब सोडला. थेंब थोडा सरकला आन मधीच अडकला. मॅडमनी मान हलवली. तेल निघालं, पण राखेनं घासताना लेप गेला आन रेघांचे दातेही झिजले, म्हणल्या.

मी विचारलं, ह्यात असं काय असतं की तेलाच्या एका बोटानं जातं? त्यांनी मला समजावून सांगितलं, आन मला समजलं. तुम्हालाही सांगतो. चांगल्या पाटीवर थेंब पत्र्याला टेकतच न्हाई. तो रेघांच्या टोकांवर बसतो आन टोकांच्या मधी हवा असते. बाजेवर माणूस झोपतो ना, सुतळीवर, खाली मोकळं, तसा. म्हणून त्याला पळायला काही अडवत न्हाई. पण तेल, साबण, हाताचा घाम, असं काही त्या फटींत शिरलं की पाणी बी त्याच्या मागं आत शिरतं. मंग हवा जाती आन थेंब जमिनीवर झोपल्यासारखा चिकटतो. माणसाचा हात कितीही धुतलेला असू द्या, त्याला काहीतरी असतंच. आपल्याला दिसत न्हाई, थेंबाला कळतं.

मॅडमकडची पाटी मी मागितली. त्या म्हणल्या, ती पाटी आता एक न्हाई. तपासण्यासाठी तिचे तुकडे करावे लागले. काचेच्या डबीत नखाएवढे तुकडे ठेवले होते. एक तुकडा त्यांनी कॅमेऱ्याखाली ठेवला आन मोठ्या पडद्यावर दाखवलं. वरून थेंब पडला. पडला तसा भाकरीसारखा चपटा झाला, मंग आपोआप गोळा होऊन वर उडाला, पुन्हा पडला, पुन्हा उडाला. डोळ्यानं पाहायला गेलं तर हे पापणी लवायच्या आत होतं. कॅमेऱ्यानं ते इतकं हळू केलं होतं, की थेंब अंगणातल्या लेकरासारखा उड्या मारून राह्यला. आन मंग कललेल्या रेघांच्या अंगाला झुकला आन निघून गेला. पडदा रिकामा.

मॅडमनी विचारलं, अजून एकदा दाखवू का? मी न्हाई म्हणलं.

त्या म्हणल्या, "बाबा, तुमच्या पाटीवर मी पुन्हा रेघा मारून नवा लेप देऊ शकते. पाणी पळेल."

मी म्हणलं, "पळंल. पण मंग ते तुमचं झालं. त्याच्या मायला कळंल."

त्यांना वाईट वाटलं असंल. पण त्या रागावल्या न्हाईत. म्हणल्या, मंग ह्यातला एक तुकडा घेऊन जा. मी तो बी घेतला न्हाई. गजूच्या मायपुढं नखाएवढा तुकडा कसा ठेवायचा? आधीच ती म्हणती, पोराला दुसऱ्यांदा म्या घालवला.

मॅडम फाटकापर्यंत आल्या. रस्त्यात त्यांनी सांगितलं, की गजू डबा खाताना भाकरीवर पाण्याचा थेंब टाकून बघायचा, भाकर किती वेळात पिते ते. सगळे हसायचे. त्या बी थोड्या हसल्या आन मंग तोंड फिरवून उभ्या राह्यल्या. मी रस्त्याकडं बघत राह्यलो. एष्टी जल्दी आली ते बरं झालं.

शहागड

अंबडवरून एष्टी शहागडला गेली. मोठा रस्ता, ट्रकच ट्रक, आन पुलाखाली गोदावरी. आमच्याकडच्या माणसानं ही नदी पाह्यली की पहिलं तो गप होतो, दुसरं त्याला राग येतो. मला राग आला. तिथं एक माणूस मोटर लावून ट्रक धूत होता, नळी तशीच रस्त्यावर सोडून बिडी पीत होता. मी जाऊन नळी बंद केली. तो म्हणला, काय झालं बाबा? मी म्हणलं, पाणी चाललंय. तो म्हणला, नदीचंय. आता त्याला काय सांगायचं. आमच्यात पाहुण्याला अर्धा तांब्या देत्यात आन पाहुणा बी उरलेलं पाणी झाडाला टाकतो. शहागडला पाहुण्याचे पाय धुवायलाच बादली ओतत्यात. वाईट लोक न्हाईत. त्यांना माहीतच न्हाई.

गजूचा दोस्त रशीद तिथं रस्त्याच्या कडंला टायरचं पंक्चर काढतो. मागं त्याचं घर, घराचं मागलं अंग नदीकडं. गजू थंडीत दव मोजायला यायचा तव्हा त्याच्याकडंच मुक्कामाला असायचा. रशीदनं मला कधी पाह्यलं न्हवतं, पण नाव सांगायच्या आधीच म्हणला, तुम्ही गजूचे आबा. चाल त्याचीच हाये.

त्याची अम्मी म्हातारी, माह्याच वयाची. तिनं आतून ताट पाठवलं. जवारीची भाकर आन माशाचं कालवण. आमच्या घरात मासा कधी शिरला न्हाई. मी ताट सरकवणारच होतो. रशीद म्हणला, "गजू को भोत पसंद था, आबा. अम्मी के हाथ का. दो-दो बार लेता था."

मला हे माहीत न्हवतं. पोरगं घरी आलं की पिठलं खायचं, म्हणायचं, असं कुठंच मिळत न्हाई. ते खरंच असंल. पण इथं बसून तो मासा खायचा, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं न्हाई. मी ताट जवळ ओढलं. काट्याची सवय न्हाई, दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. रशीदनं पाठीत बुक्की हाणली, अम्मी आतून कोरडी भाकर चावून गिळा म्हणली. काटा गेला. डोळ्यातून पाणी आलं ते त्या काट्यानंच आलं, असं ते समजले आन मी बी समजू दिलं.

जेवण झाल्यावर पाटी दाखवली. घराच्या मागं, नदीकडच्या उतरत्या पत्र्यावर स्क्रूनं बसवलेली, खाली पन्हाळ, पन्हाळीखाली तेलाचा धुतलेला डबा. मी तांब्या मागितला आन पाणी सोडलं.

थेंब पळाला.

मी पुन्हा सोडलं. पुन्हा पळाला. एका अंगाला, सरळ, डब्यात. मी तिथंच उकिडवा बसलो.

मी विचारलं, एवढ्या धुळीत ही कशी टिकली? रशीदनं दोन्ही हात माह्यापुढं धरले. काळे, रेघा-रेघांत ग्रीस गेलेलं. "मेरे हाथ देखो, आबा. गजू बोला था हाथ मत लगाना. मैं बोला, ये हाथ तो मैं बीवी की ओढनी को भी नै लगाता. कभी छुआच नै." धूळ बसते, पण दव पडलं की थेंबच ती उचलून घेऊन जातो, म्हणला.

मंग मी माझं काम सांगितलं. पाटी मागितली. रशीद म्हणला, आबा, दुसरं काही मागा. मी म्हणलं, मला दुसरं काही नको. तो म्हणला, तुमच्याकडं त्याचं घर हाये, कपडे हायेत, फोटू हाये. माह्याकडं हे एकच हाये. रोज पहाटे चहा घेऊन मी इथं बसतो. मी म्हणलं, मी बाप हाये त्याचा. तो म्हणला, मालूम हाये, आबा. म्हणूनच तर न्हाई म्हणायला तोंड उघडत न्हाई. पुढं म्हणला, अम्मा को इधर लेके आओ, जितने दिन रहना है रहो. मी म्हणलं, ती घराचा उंबरा सोडून राह्यली न्हाई.

दोघंही हट्टी. मी म्हणलं, मी बसतो. तो म्हणला, बसा. मला त्याच्या मागल्या अंगणातच बाज टाकून दिली. गजू त्याच बाजेवर झोपायचा.

पहाटे नदीवरून धुकं चढलं. रशीद चहा घेऊन आला आन माह्या शेजारी बसला. आम्ही पाटीकडं बघत बसलो. पहिलं तिच्यावर काहीच न्हवतं. मंग नुसता धूर बसल्यासारखं झालं. मंग त्या धुराचे राईएवढे थेंब झाले. सगळे आपापल्या जागी. मंग एक थेंब शेजारच्याला लागला, दोघं एक झाले, आन एक होताना दोघं मिळून पाटीवरून उडालेच. रशीद म्हणला, हे गजूनं त्याला दाखवलं होतं. दोन थेंब भेटले की त्यांना जागा कमी लागती, उरलेली ताकद त्यांना उडवती. खाली पडताना त्यांनी तिसऱ्याला धरलं, तिघांनी चौथ्याला, आन एक मोठा थेंब होऊन पळत पन्हाळीत. त्याच्या मागं एक कोरडी वाट राह्यली. मंग सगळ्या पाटीवर हेच चालू झालं. डब्यात टप टप वाजायला लागलं. कुणी हात लावत न्हवतं, कुणी ढकलत न्हवतं. पोरगं निघून गेलं, आन त्याचं काम सकाळच्या पारी आपलं चालूच होतं.

चहा थंड झाला. डब्यात तळ झाकंल एवढं पाणी जमलं. रशीदनं डबा उचलून भिंतीवरच्या वाटीत ओतला. चिमण्या वाटच बघत होत्या.

उन्हं आल्यावर अम्मी दारात येऊन उभी राह्यली. रात्रीचं आमचं बोलणं तिनं ऐकलं असंल. लेकाला म्हणली, "तू दोस्त है. वो माँ है." एवढंच म्हणून आत गेली.

रशीदनं दोन्ही हातात नव्या कॅरीबॅगा चढवल्या, मनगटाला सुतळीनं बांधल्या आन स्क्रू काढायला बसला. पाटीच्या दोन कडांना लाकडी पट्ट्या लावल्या, त्यांच्यावर डब्याचं झाकण ठोकलं, म्हणजे कापड बी पाटीला लागू नये. देताना म्हणला, "संक्रांत के पहले वापस लाना, आबा. जैसी है वैसी." मी म्हणलं, आणतो. मी दिलेला शब्द आजवर मोडला न्हाई, हे गावात कुणालाही विचारा.

घर

येताना पूर्ण वाट पाटी मांडीवर होती. जालन्याच्या स्टँडवर एक जण म्हणला, आबा, लग्नाचा फोटू हाये का? मी म्हणलं, हाव.

घरी पोचलो तव्हा दिवस मावळायला थोडा वेळ होता. गजूची माय भिंतीकडं तोंड करून होती. मी पाटी ओट्याला टेकवली, झाकण काढलं आन तिला हाक मारली. ती आली न्हाई. मी म्हणलं, माह्यासाठी येऊ नको, ह्याच्यासाठी ये. मंग ती आली. मी तिला सगळं सांगितलं, हात कामून लावायचा न्हाई, टोकांवर थेंब कसा बसतो, रशीदला काय शब्द दिलाय. ती ऐकून घेत होती का न्हाई, कळलं न्हाई. तांब्या मात्र तिनं माह्या हातातून घेतला.

थेंब पळाला. तिनं पुन्हा सोडलं, पुन्हा पळाला. ती खाली बसली. पाण्याची एक-एक धार तोडून ती सोडत राह्यली आन थेंब तिच्यापुढून पळत राह्यले. किती वेळ गेला ते मी पाह्यलं न्हाई. मला वाटलं, आता उठंल, चूल पेटवंल. मला बरं वाटायला लागलं होतं.

ती म्हणली, "थांबतच न्हाई."

मंग तिनं तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसला आन पुरा तळवा पाटीवर ठेवला. तिनं डोळे मिटलेले होते. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा ठेवला होता, दाबून, आन उचलत न्हवती. माह्या डोळ्यापुढं रशीदचे काळे हात आले, सुतळी बांधलेल्या पिशव्या आल्या. पण तिचा हात धरून बाजूला करायची माझी हिंमत झाली न्हाई. आयुष्यात मी कुणाला भ्यालो न्हाई, त्या हाताला भ्यालो.

बऱ्याच वेळानं तिनं हात काढला. तांब्या उचलून वरून पाणी सोडलं. थेंब पळत आला आन तिचा तळवा जिथं होता तिथं येऊन थांबला. दुसरा आला, त्याला जाऊन मिळाला. तिसरा आला. बाकी पाटी कोरडी, आन मधी तिच्या पंजाएवढं पाणी, बोटांसकट. ती बघत राह्यली. मंग ती रडली, गजू गेल्यापासून पहिल्यांदा, असं की शेजारच्या बाया भिंतीपाशी आल्या.

मी तिच्याजवळ बसलो. दुसरं काही सुचलं न्हाई म्हणून विचारलं, "आता रशीदला काय सांगू?"

ती पदर तोंडाला लावून म्हणली, "तुम्ही काही सांगू नका. मायनं हात लावला, ते मायच तिथं येऊन सांगंल."